ट्रॅकवर पळणारी आणि घरी परत आणणारी: जुनी स्पोर्टी गाडी घेताना

पुण्यात वारज्याला एनएच ४८ धरला की सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळुरू असं करत तोच रस्ता चेन्नईच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टईला नेऊन सोडतो. तिथे हायवेपासून जवळच ३.७ किलोमीटरचा रेस ट्रॅक आहे. १९९० मध्ये सुरू झालेल्या या ट्रॅकला आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात, जुनी मंडळी मात्र अजून एमएमआरटीच (मद्रास मोटर रेस ट्रॅक) म्हणतात. जायला अकराशेच्या वर किलोमीटर, यायला तेवढेच, आणि मधले दोन दिवस गाडी पिळून काढायची. मग सोमवारी सकाळी तीच गाडी घेऊन हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगायचं.

हा सगळा फेरा डोळ्यांसमोर ठेवून जुनी गाडी शोधायला निघा. ट्रॅकवर जोरात पळतील अशा गाड्या बाजारात पुष्कळ आहेत. ट्रॅकवरून स्वतःच्या चाकांवर घरी येतील अशा शोधाव्या लागतात. मी पहिल्यांदा घेतली तेव्हा फक्त हॉर्सपॉवर आणि शून्य ते शंभरचे सेकंद बघितले होते. ते कसं अंगाशी आलं ते पुढे ब्रेकच्या ठिकाणी सांगतो.

पायरी १: आधी हिशोब, मग गाडी

नवीन माणूस वर्षातून किती वेळा ट्रॅकवर जातो? हौस कितीही असली तरी दोनदा, फार तर तीनदा. पुण्याजवळ नाणोलीला ट्रॅक झाल्यामुळे इकडच्यांची सोय झाली आहे, पण रजा, खर्च आणि घरच्यांचा चेहरा या तीन गोष्टी तशाच आहेत. बाकीचे तीनशे साठ दिवस गाडी खड्डे, गतिरोधक आणि सोसायटीच्या रॅम्पवरून जाणार. त्यामुळे कडक सस्पेन्शन, जमिनीला टेकलेला बंपर आणि बादलीसारख्या सीटा असलेली गाडी कितीही मोहात पाडो, तिच्याकडे पाठ फिरवा.

बजेट ठरवताना माझा नियम असा: हातात जेवढे पैसे आहेत त्यातले साधारण पंचाऐंशी टक्के गाडीला. उरलेले टायर, ब्रेक, सगळी ऑइलं, बॅटरी आणि एखादा न दिसलेला खर्च यांना. पहिल्या तीन महिन्यांत ते जातातच. सगळे पैसे गाडीत घालून जो रिकामा होतो, तो ट्रॅकवर जुन्याच टायरवर जातो.

पायरी २: आपल्याकडे मिळतं काय

परदेशी व्हिडिओ बघून डोक्यात पहिलं नाव येतं ते मॅझ्दा एमएक्स-५ या दोन सीटांच्या छोट्या स्पोर्ट्स कारचं. ती गाडी भारतात कधी विकलीच गेली नाही, आणि जुनी बाहेरून आणायची तर जकात आणि नियम दोन्ही कंबरडं मोडतात. जुनी पोर्श बॉक्स्टर किंवा बीएमडब्ल्यू झेड-४ अधूनमधून विक्रीला दिसते. तिची किंमत उतरलेली असते, पार्टची नसते. पहिल्या गाडीसाठी हा नाद सोडा. आपल्याकडचं खरं क्षेत्र म्हणजे टर्बो पेट्रोल हॅचबॅक आणि दोन-चार सेडान. त्यातल्या बऱ्याच गाड्या तर आपल्याच अंगणात तयार झाल्या आहेत.

अबार्थ पुंटो: फियाटच्या रांजणगावच्या कारखान्यातली. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये ९.९५ लाखांना आली. १.४ लिटर टी-जेट इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, ५ गिअरचा मॅन्युअल. स्टिअरिंगला जे वजन आहे ते आजच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये सापडत नाही. पण फियाटने इथली विक्री थांबवून वर्षं झाली. पार्ट मिळतात, पण वाट बघावी लागते. या इंजिनाला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा पट्टा) आहे. तो बदलल्याची पावती नसेल तर "बदललाय हो" या शब्दावर विसंबू नका, बदलायचा खर्च धरूनच भाव करा. घरात दुसरी गाडी असेल तरच ही घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. हृदयाचं मत वेगळं आहे.

पोलो जीटी टीएसआय: चाकणची. २०१३ ला आली तेव्हा १.२ लिटरचं १०५ हॉर्सपॉवरचं इंजिन आणि ७ गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा) ऑटोमॅटिक. २०२० मध्ये १.० लिटर तीन सिलिंडर, ११० हॉर्सपॉवर आलं आणि डीएसजीच्या जागी साधा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक बसला. त्याच इंजिनाची ६ गिअरची मॅन्युअल पोलोही मिळायची. २०२२ मध्ये पोलो बंद झाली आणि त्यानंतर जुन्या पोलोला असे भाव आले की विकणारा समोरच्याकडे उपकार केल्यासारखं बघतो. नवशिक्यासाठी २०२० नंतरची मॅन्युअल ही माझी पहिली पसंती. वजनाला हलकी, पार्ट कोपऱ्याकोपऱ्यावर, आणि ही गाडी उघडून बसवलेला मिस्त्री प्रत्येक पेठेत आहे.

ह्युंदाई आय२० एन लाइन: २०२१ पासून. १२० हॉर्सपॉवर, चारही डिस्क. सुरुवातीला क्लच पेडल नसलेला आयएमटी किंवा ड्युअल क्लच एवढेच पर्याय होते. २०२३ च्या बदलात खरा ६ गिअरचा मॅन्युअल आला. शक्य असेल तर तोच शोधा. आयएमटी शहरात मजेशीर आहे, पण वळणाआधी झटकन दोन गिअर खाली यायचं तर पायाला काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.

मारुती बलेनो आरएस (२०१७, १.० बूस्टरजेट, चारही डिस्क) आणि टाटा टियागो जेटीपी (२०१८, ११४ हॉर्सपॉवर, कोइमतूरच्या जेयेमबरोबर केलेली) या दोन गाड्या लोकांच्या नजरेतून सुटतात. म्हणून त्या बघाव्यात. स्टेटस काही नाही, सर्व्हिस कुठेही होते.

थोडे जास्त पैसे असतील तर २०२२ नंतरच्या व्हर्टस जीटी किंवा स्लाव्हिया १.५. दोन्ही चाकणच्या, १५० हॉर्सपॉवर, २५० न्यूटन मीटर. मागे ड्रम ब्रेक आहेत म्हणून काही जण नाक मुरडतात. ब्रेकचं बहुतेक काम पुढची चाकं करतात, त्यामुळे नवशिक्याच्या वेगाला ते आडवं येत नाही. त्याहून वर ऑक्टाव्हिया आरएस, २०१७ ची २३० हॉर्सपॉवरची. ही कुटुंबाला घेऊन गणपतीला कोकणात जाते आणि पुढच्या आठवड्यात ट्रॅकवर भल्याभल्यांना मागे टाकते. वजन जास्त असल्यामुळे टायर आणि ब्रेक मात्र खाते.

पायरी ३: गिअरबॉक्सचा प्रश्न

यावर एकाच गोष्टीसाठी वेगळं लिहितोय: ७ गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी, ज्याला मिस्त्री लोक डीक्यू२०० म्हणतात. हा गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या इंजिनांसाठी केलेला आहे. त्याचे दोन क्लच तेलात बुडालेले नसतात. आपल्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये क्लच सतत अर्धवट घसरत राहतो, तापतो, झिजतो आणि गाडी पहिल्या-दुसऱ्यात थरथरायला लागते. दुसरं दुखणं मेकॅट्रॉनिक्सचं, म्हणजे गिअर बदलणाऱ्या हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक युनिटचं. ते गेलं की बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं.

याचा अर्थ असल्या गाड्या घेऊच नयेत असा नाही. ट्रॅकवर मोकळ्या रस्त्याला हा गिअरबॉक्स उलट सुखात असतो. पण क्लच किंवा मेकॅट्रॉनिक्स बदलल्याची पावती असेल, किंवा कंपनीची एक्स्टेंडेड वॉरंटी शिल्लक असेल, तरच घ्या. ऑक्टाव्हिया आरएस २३० मधला ६ गिअरचा डीएसजी तेलातल्या क्लचचा आहे आणि जास्त सोशिक आहे, फक्त त्याचं तेल वेळेवर बदललेलं हवं. शिकायचं असेल तर मॅन्युअल. ब्रेक मारता मारता गिअर खाली कसा आणायचा हे पायाला कळलं की मग काहीही चालवा.

पायरी ४: बघायला जाताना

सकाळी जा. विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा, "दादा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोचल्यावर पहिलं काम बॉनेटवर हात ठेवायचा. कोमट लागलं तर त्याने आधीच गरम करून ठेवली आहे, का ते विचारा. गार इंजिन खरं बोलतं: सुरू होताना इंजिनाच्या टायमिंग साखळीचा खळखळाट, सायलेन्सरमधून निळसर धूर, आरपीएम वरखाली होणं, हे सगळं पहिल्या तीस सेकंदांत दिसतं. गरम गाडी गोड बोलते.

रात्री, पावसात किंवा नुकत्याच धुतलेल्या अवस्थेत गाडी बघू नका. पाण्याच्या थेंबाखाली रंगातला फरक लपतो.

मग बाहेरून फिरा. दरवाजे, बॉनेट, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का? पुढच्या मडगार्डच्या बोल्टांवर पाना लागल्याच्या खुणा आहेत का? डिकीतलं कार्पेट उचला, स्टेपनी काढा, खालचा पत्रा बघा. तिथे सुरकुती किंवा नवा रंग दिसला तर मागून जोरात ठोकलेली आहे. बाजूच्या दारावरचा ओरखडा, बदललेला बंपर यांनी घाबरू नका, पुण्यामुंबईत तेवढं होणारच. दारांमधले खांब किंवा चासिसला हात लागलेली गाडी मात्र ट्रॅकसाठी नकोच.

आता एक गोष्ट जवळून दाखवतो. नगर रोडवर एका डीलरकडे मी मित्राबरोबर एक चकचकीत हॅचबॅक बघायला गेलो होतो. रनिंग कमी, आतून सुगंध, सीटांवर नवीन कव्हर. सगळं छान. मित्र सहज मागच्या सीटवर बसला आणि सीटबेल्ट ओढत राहिला, पूर्ण संपेपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर, जो एरवी गुंडाळलेलाच राहतो, पिवळट मातीची एक सरळ रेघ होती. शिसपेन्सिलीने आखल्यासारखी. मग पुढच्या सीटखाली मोबाइलचा टॉर्च मारला. रुळांचे बोल्ट गंजलेले. डीलर म्हणाला, "कोकणातली गाडी आहे ना साहेब, दमट हवा." दमट हवा रेघ आखत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला पाणी शिरलं तेव्हा बुडालेल्या गाड्या कुठेतरी गेल्याच असतील ना. सीटबेल्ट पूर्ण ओढा, चारही. पुराची गाडी सुकते, चालते, आणि वर्षभराने वायरिंगचे कनेक्टर एकेक करून जीव सोडतात.

टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. चार टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर मालक काटकसरी आहे, आणि मग त्याने ऑइलमध्येही काटकसर केली असेल असं मी धरून चालतो.

गाडी ट्रॅकवर जाऊन आली आहे का हेही दिसतं. टायरच्या कडा भुग्यासारख्या झालेल्या, मडगार्डच्या आत चिकटलेले रबराचे गोळे, निळसर पडलेल्या डिस्क, कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) करपलेला रंग, गाडी ओढायला लावतात त्या टो हुकच्या आट्यांवर ताज्या खुणा. अशी गाडी बघून पळू नका. ज्याने दर ट्रॅक दिवसानंतर ऑइल बदललं आणि पावत्या फाइलला लावल्या, त्याची गाडी मी डोळे झाकून नाही, पण एक डोळा झाकून घेईन. खरी भीती वेगळ्या गाडीची: जिचं इंजिन रिमॅप केलं (कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून पॉवर वाढवली), दोन वर्षं एक्स्प्रेसवेवर पिळली, आणि विकायच्या आधी परत कंपनीच्या सेटिंगवर आणून "फुल स्टॉक" म्हणून उभी केली.

ती ओळखायची कशी? साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून एरर वाचणारं यंत्र) सोबत न्या, हजार-दीड हजारात मिळतो. एरर आहेत का हे सगळेच बघतात. तुम्ही त्यातला रेडिनेस हा भाग बघा. गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्या काही चाचण्या चालता चालता पूर्ण करत असतो. कोणी एरर पुसले की या चाचण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात. तुमच्या आधी तासभर कोणी एरर पुसले असतील तर बऱ्याच चाचण्या "अपूर्ण" दिसतील. बॅटरी बदलली तरी तसं होतं, म्हणून लगेच आरोप करू नका. पुढच्या शनिवारी पुन्हा बघायला या. टर्बोला जाणाऱ्या पाइपांचे क्लिप कंपनीचे आहेत की बाजारातले, एअर फिल्टरच्या डब्याचे स्क्रू घासलेले आहेत का, हेही बोलकं असतं. आणि सरळ विचारा, "काढलेले ओरिजिनल पार्ट घरी आहेत का?" बेसावध माणूस "हो, माळ्यावर आहेत" म्हणून मोकळा होतो.

पायरी ५: चालवून बघणं

रेडिओ बंद, काचा वर, एसी बंद. आधी खराब रस्ता शोधा, तो शोधावा लागत नाही. खडखड आवाज आला तर लोअर आर्मचे बुश किंवा शॉकअप. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. कटकट आवाज आला तर एक्सलचा जॉइंट.

मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला कमी आरपीएमवर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम भरभर चढला आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. टर्बो गाडीत हे लवकर कळतं. गार असताना दुसऱ्या गिअरमध्ये टाकताना किरकिर आली तर सिंक्रो (गिअर नीट जुळवणारी कडी) झिजलाय. डीएसजी असेल तर चढावर मुंगीच्या पावलांनी चालवा आणि थरथर बघा.

मागे कोणी नाही याची खात्री करून ताशी ऐंशीवरून जोरात ब्रेक मारा. गाडी सरळ थांबली पाहिजे. स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या, एका बाजूला ओढलं तर कॅलिपर अडकतोय. यातलं काहीच खरेदी मोडण्यासारखं नाही. प्रत्येक गोष्ट वहीत लिहा, तिथल्या तिथे वाद घालू नका. भाव करताना वही उघडा.

शेवटी ओळखीच्या गॅरेजला किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पैसे देऊन तपासून घ्या, आणि गाडी लिफ्टवर चढवायचा आग्रह धरा. ऑइलचा चेंबर खाली घासलाय का, ऑइल कुठे झिरपतंय, हे खाली उभं राहूनच कळतं. विकणारा तपासणीला नाही म्हणाला तर चहा पिऊन घरी या.

पायरी ६: कागद

एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, बँकेचा बोजा, विमा, पीयूसी बघून घ्या. ई-चलन थकलेली असतील तर भरून मागा. कर्ज फिटलेलं असेल तरी आरसीवरून बोजा उतरलेला नसतो. त्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, तिथे जुन्या गाड्यांच्या वयावर बंधनं असल्यामुळे विकणाऱ्याला घाई असते. पण महाराष्ट्रात आणून टॅक्स भरून नवीन नंबर घेईपर्यंत स्वस्ताई बरीचशी उडून जाते. आधी हिशोब मांडा. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवीन सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का तेही बघा.

टोकन दिलंत तर व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या: किती दिले, गाडी नापास झाली तर परत.

पायरी ७: विमा, जो ट्रॅकवर तुमच्या बाजूने नाही

गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या. नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे फरकाचे पैसे भरावे लागतात.

आता महत्त्वाचं. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटर पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात आणि त्यात संघटित रेसिंग आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर खर्च तुमचा. "हायवेवर झालं" असं सांगून दावा करणारे महाभाग असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका, ती सरळ फसवणूक आहे. ट्रॅकवर पाऊल टाकताना स्वतःला एकदा विचारा: ही गाडी आज इथे मोडून पडली तर मला परवडेल का? उत्तर नाही असेल तर त्याहून स्वस्त गाडी घ्यायला हवी होती.

आणि गाडीत बदल केले असतील तर ते विमा कंपनीला कळवलेले हवेत, नाहीतर रस्त्यावरच्या अपघातातही तेच कारण पुढे येतं.

पायरी ८: ट्रॅकआधीचं काम, म्हणजे ब्रेक

पॉवर वाढवू नका. एक रुपयाही नाही. सगळे पैसे ब्रेकला.

का, ते आकड्यात बघा. बाराशे किलोची गाडी सरळ पट्ट्याच्या शेवटी ताशी १४० वरून ६० वर आणायची तर ब्रेकला साधारण ७४० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपात गिळावी लागते. सव्वादोन लिटर गार पाणी उकळायला एवढी उष्णता लागते. ही एका वळणाची गोष्ट. एका फेरीत अशी दोन-तीन वळणं, आणि पंधरा-वीस मिनिटं फेऱ्या. खंबाटकी उतरताना सगळा घाट मिळूनही ब्रेकवर असा मारा होत नाही.

त्यात ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ या ग्रेडच्या नवीन ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा धरल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. पाइपात वाफ झाली की वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ पडतं.

माझं हेच झालं. गाडी घेताना पावत्यांची फाइल होती, तीत ब्रेक ऑइलचा उल्लेख कुठेच नव्हता. मी बघितलं आणि "नंतर करू" म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या सेशनच्या सहाव्या की सातव्या फेरीत, सरळ पट्ट्याच्या टोकाला, पेडल दाबलं आणि ते गादीवर पाय ठेवावा तसं खाली गेलं. दुसऱ्यांदा दाबलं, अर्धा ब्रेक लागला. गिअर खाली आणत गाडी वळणावरून सरळ गवतात घातली. कशाला धडकलो नाही ते तिथे मोकळी जागा होती म्हणून. बाजूला बसलेले इन्स्ट्रक्टर हेल्मेटमधून फक्त एवढंच म्हणाले, "ब्रेक ऑइल कधी बदललं होतं?" मी उत्तर दिलं नाही.

तर मग: गाडी घेतल्याबरोबर आणि ट्रॅकच्या आधी ताजं डॉट ४ भरा, सगळी हवा काढून. पॅड निम्म्याहून कमी असतील तर बदला. थोडे चांगले पॅड मिळाले तर घ्या, पण पूर्ण रेसिंगचे घेऊ नका, ते गार असताना धरत नाहीत आणि सकाळी सोसायटीच्या गेटवर किंचाळतात. पेडल मऊ पडलं तर ऑइल उकळलंय. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून पकड सोडतायत. दोन्हीचा इलाज तिथल्या तिथे एकच: वेग कमी करून एक फेरी गार करत फिरा आणि बाहेर या.

बाकीचं थोडक्यात. इंजिन ऑइल ताजं आणि पातळी वरच्या खुणेजवळ. कूलंट तपासलेलं. टायर रस्त्याचेच, पण चांगले आणि ताजे. चाकांचे नट टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना) आवळा, पोलोला १२० न्यूटन मीटर. पाना पायाने दाबून आवळणाऱ्याच्या भरवशावर राहू नका. पेट्रोल किती ऑक्टेनचं चालतं ते टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं, टर्बोला ट्रॅकच्या दिवशी ९५ किंवा वरचं ऑक्टेन द्या. २०२३ च्या आधीच्या गाडीचे पेट्रोलचे पाइप सर्व्हिसला एकदा बघून घ्या, आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्के असतं.

पायरी ९: तो दिवस

फुल फेस हेल्मेट, बंद बूट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. टो हुक गाडीत आहे आणि आट्यात बसतो हे घरीच बघून निघा. डिकी, डॅशबोर्ड, दारांचे कप्पे रिकामे करा. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट काढा. डॅशबोर्डवरचा बाप्पा दोन दिवस बॅगेत ठेवा, तो रागावणार नाही.

टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा दोन-तीन पीएसआय कमी ठेवून सुरुवात करा, सेशन संपल्याबरोबर गरम टायरवर मोजा आणि वाढलेली काढा. बाहेर आल्यावर हँडब्रेक लावू नका. मागचे ब्रेक तापलेले असतात, डिस्क असेल तर पॅड तिथेच चिकटून बसू शकतो. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. टर्बो गाडी लगेच बंद करू नका. पहिल्या दिवशी इन्स्ट्रक्टर घ्या आणि तो म्हणेल त्यापेक्षा एक पायरी हळू चालवा. तीन-चार सेशन झाले की संध्याकाळी शेवटच्या सेशनला थकलेले लोक गाड्या मोडतात, ते तुम्ही बाहेरून बघा.

निघायच्या दिवशी सकाळी, गाडी गार असताना, घाई न करता चार गोष्टी करा. चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, एखादा तरी थोडा ढिला निघतो. ऑइलची कांडी बघा. टायरची हवा परत हायवेच्या आकड्यावर आणा, काल काढली होती हे विसरलेलं असतं. पॅड किती उरले ते चाकाच्या फटीतून टॉर्च मारून बघा. पातळ झाले असतील तर तिथेच बदला, डिकीत एक जोडी ठेवलेली असावी. मग बंगळुरूच्या दिशेने निघा आणि पहिल्या टोलला ब्रेक मारताना रेडिओ बंद ठेवून ऐका.